कॉलेजच्या इमारतीत वीज जाते कुठे?

वीजबिल वाढले की पहिला संशय दिव्यांवर जातो. ‘जाताना दिवे बंद करा’ अशा पाट्या लागतात. त्या असू द्याच; पण एलईडी बसवलेल्या इमारतीत दिव्यांचा वाटा फारसा उरलेला नसतो. वातानुकूलित इमारतीत खरा खर्च हवेवर होतो: ती आत घेणे, थंड किंवा गरम करणे, खोल्यांपर्यंत ढकलणे आणि बाहेर टाकणे.

म्हणून सर्वांत गजबजलेली इमारतच सर्वांत खर्चिक असेल असे नाही. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा पाहा. तिथले फ्यूम हूड (पुढे सरकती काच असलेली, वाफा ओढून घेणारी कपाटे) घातक वाफांसोबत खोलीतली थंड केलेली हवाही ओढून छतावरून बाहेर टाकतात. तेवढीच नवी हवा आत घेऊन पुन्हा थंड करावी लागते, आणि बरेचदा हे रात्रभर चालते. सुरक्षिततेत तडजोड नकोच. मात्र काचेच्या उघडझापीप्रमाणे हवा कमी-जास्त करणारे हूड असतील, तर काम संपल्यावर काच खाली ओढण्याची सवय मोठी बचत करते. साध्या हूडमध्ये हा फायदा जवळजवळ मिळत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

पंख्यांचे गणित तर फार कमी ठिकाणी तपासले जाते. हवा खेळवणाऱ्या मोठ्या पंख्याचा वेग २० टक्क्यांनी कमी केला, की त्याची वीज जवळपास निम्मी होते. तरीही ५०० जणांच्या सभागृहात ३० जण बसलेले असताना पंखा पूर्ण वेगानेच फिरत राहतो, कारण त्याला वेळापत्रक कुणी दिलेलेच नसते. सर्व्हर, फ्रीझर, वसतिगृहाचे गिझर यांचा भार वेगळा. त्यांना सुट्टी नसते.

आम्ही इमारतींच्या वीजवापराची पाहणी करतो; आमच्या मते तिची सुरुवात रात्रीपासून करावी. इमारत रिकामी असताना रात्री ११ आणि पहाटे ५ वाजता मीटरचे रीडिंग घ्या. फरकाला ६ ने भागा. मीटरला गुणक असेल तर त्याने गुणा. गुणकासह फरक २४० युनिट निघाला, तर रिकाम्या इमारतीत सरासरी ४० किलोवॅट चालू आहेत. त्यातले आवश्यक किती, हे शोधणे आमचे काम. संपूर्ण आवाराला एकच मीटर असेल, तर आधी इमारतवार सब-मीटर बसवावे लागतील.

पाहणीच्या दिवशी मागील १२ महिन्यांची बिले व तासांचे वेळापत्रक तयार ठेवा, आणि देखभालीचे इलेक्ट्रिशियन सोबत असू द्या. कोणते यंत्र कशासाठी चालू ठेवले आहे, ते त्यांनाच नेमके माहीत असते.