व्हॉल्व्हचा ॲम्प आणि डिजिटल मॉडेलर: फरक नेमका कुठे ऐकू येतो?

गिटारच्या दुकानात ही तुलना बहुतेक वेळा अशी होते. कोपऱ्यातल्या व्हॉल्व्ह ॲम्पला, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्पला, गिटार जोडून दोन-चार कॉर्ड वाजवतात, आवाज अंगावर येतो. मग तीच गिटार मॉडेलरला, म्हणजे ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्राला, जोडतात आणि कानाला हेडफोन लावतात. आता आवाज पातळ, लांबून आल्यासारखा वाटतो. निकाल तिथेच लागतो: डिजिटलला व्हॉल्व्हची सर नाही.

हा निकाल मला मान्य नाही. या चाचणीत तुलना झाली ती खोलीतल्या बारा इंची स्पीकरची आणि हेडफोनची. व्हॉल्व्ह आणि डिजिटल समोरासमोर आलेच नाहीत. माझं म्हणणं असं की आपल्याला ऐकू येणारा फरक बराचसा स्पीकरचा आणि आवाजाच्या पातळीचा असतो, आणि त्यात काचेच्या नळ्यांचा वाटा आपण समजतो त्याहून बराच कमी असतो. पण तो शून्यही नसतो, म्हणून आधी ॲम्पच्या पोटात काय चालतं ते पाहू.

जुन्या रेडिओत असत त्याच जातीचे व्हॉल्व्ह गिटारच्या ॲम्पमध्ये असतात. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एके काळी असे व्हॉल्व्ह बनवले. नळीतली हवा काढून टाकलेली असते. आतला कॅथोड तापला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि काहीशे व्होल्टवर असलेल्या प्लेटकडे धावतात. वाटेत एक बारीक जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. गिटारचा क्षीण सिग्नल या ग्रिडवर दिला की त्याच्या चढउतारानुसार मोठा प्रवाह कमीजास्त होतो. १२एएक्स७ हा लहान व्हॉल्व्ह सुरुवातीच्या टप्प्यांवर काम करतो, आणि ६एल६, ईएल३४ किंवा ईएल८४ शेवटी स्पीकर हलवण्याची ताकद देतात.

सिग्नल झेपेनासा झाला की लाटेचे माथे सपाट होऊ लागतात आणि मूळ स्वरात नवे उपस्वर मिसळतात. तानपुऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार ज्या कुळातला, त्याच कुळातले हे स्वर. लाट दोन्ही बाजूंनी सारखी कापली गेली तर मुख्यतः विषम पटींचे स्वर वाढतात: तिप्पट म्हणजे वरचा पंचम, पाचपट म्हणजे त्याच्याही वरचा गंधार. एका बाजूने जास्त कापली गेली तर दुप्पट, म्हणजे वरचा षड्जही येतो. व्हॉल्व्हमध्ये हे कापणं एकदम होत नाही, हळूहळू चढत जातं. म्हणून हलक्या हाताने छेडलेली तार स्वच्छ बोलते आणि जोरात छेडलेली गुरगुरते.

याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी घडतात, आणि वाजवणाऱ्याच्या बोटांना ज्याची ओढ लागते ते बहुधा हेच असतं. पहिली गोष्ट पॉवर सप्लायची. जोरात कॉर्ड मारली की पॉवर व्हॉल्व्ह एकदम जास्त प्रवाह ओढतात. एसीचा डीसी करणारा रेक्टिफायरही व्हॉल्व्हचाच असेल तर व्होल्टेज क्षणभर बसतं आणि मग सावरतं. त्यामुळे सुरुवातीचा फटका जरा दबतो आणि मागचा स्वर फुलून येतो. गिटारवाले याला सॅग म्हणतात.

दुसरी गोष्ट स्पीकरशी असलेल्या नात्याची. ८ ओहम लिहिलेला स्पीकर प्रत्येक कंपनसंख्येला ८ ओहमचा नसतो. खालच्या एका अनुनादाच्या जागी त्याचा रोध कित्येक पटींनी वाढतो, आणि वरच्या स्वरांकडेही चढत जातो. साधा ट्रान्झिस्टर ॲम्प या चढउताराला दाद देत नाही. व्हॉल्व्ह ॲम्प मात्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून त्याच वळणाने जातो आणि खालचा-वरचा भाग थोडा फुगवतो. म्हणजे ज्याला आपण ‘व्हॉल्व्हचा आवाज’ म्हणतो, तोसुद्धा अर्धा स्पीकरने घडवलेला असतो.

याची साक्ष इतिहासातच आहे. लिओ फेंडर यांना गुरगुर नको होती, त्यांना स्वच्छ आणि मोठा आवाज हवा होता. कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या कंपनीचा बासमन हा ॲम्प मुळात बेस गिटारसाठी केलेला, दहा इंची चार स्पीकरचा, मागून उघडा. १९६२ साली लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या दुकानातल्या मंडळींनी जवळजवळ तेच सर्किट घेतलं आणि जेटीएम ४५ बनवला. मिळाले ते भाग वापरल्यामुळे ट्रान्सफॉर्मर वेगळे आले आणि स्पीकर सेलेस्टियनचे, बारा इंची, मागून बंद खोक्यात बसवलेले. कागदावर दोन्ही सर्किटं सख्खी भावंडं वाटतात. तरी एकाच्या आवाजातून अमेरिकन ब्लूजची एक परंपरा उभी राहिली आणि दुसऱ्याच्या आवाजातून ब्रिटिश रॉक.

आता मॉडेलरकडे येऊ. ॲम्पशिवाय ॲम्पसारखा आवाज काढायची धडपड जुनी आहे. १९८९चा सॅन्सॲम्प तर पूर्ण ॲनालॉग होता. लाइन ६ कंपनीचा घेवड्याच्या आकाराचा लाल पॉड १९९८मध्ये आला आणि हे तंत्र घरोघरी पोहोचलं. पुढे २००६मध्ये फ्रॅक्टलचा ॲक्स-एफएक्स, २०११मध्ये जर्मनीचा केम्पर, २०१५मध्ये लाइन ६चा हेलिक्स आणि त्यानंतर फिनलंडच्या न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स आला.

आत दोन वेगळ्या पद्धती असतात आणि त्यांची गल्लत फार होते. पहिल्या पद्धतीत सर्किटमधल्या भागांची गणितं मांडली जातात: हा व्हॉल्व्ह, हा कपॅसिटर, हा टोनचा नॉब. गणित नीट असेल तर नॉब फिरवल्यावर मूळ ॲम्पमध्ये व्हायचा तोच बदल होतो. दुसऱ्या पद्धतीत खऱ्या ॲम्पला ठरावीक सिग्नल देऊन बाहेर काय येतं ते मोजलं जातं आणि त्यावरून त्याचं वागणं शिकून घेतलं जातं. याला कॅप्चर किंवा प्रोफाइल म्हणतात. हा त्या ॲम्पचा एका क्षणाचा फोटो असतो. नॉब ज्या जागी होते तिथला आवाज थक्क करण्याइतका जुळतो, पण नंतर तुम्ही ट्रेबल वाढवलात तर तो बदल खऱ्या ॲम्पमधल्या ट्रेबलसारखाच होईल याची खात्री नसते. न्यूरल ॲम्प मॉडेलर हे या प्रकारातलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. घरी लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस असेल तर सुरुवात तिथूनच करावी.

सुरुवातीच्या मॉडेलरवरचे आक्षेप खोटे नव्हते. डिजिटल यंत्र सेकंदाला ४८,००० नमुने घेत असेल तर २४,००० हर्ट्झच्या वरचं काहीही त्याला मांडता येत नाही. पण लाट कापली की उपस्वर त्याच्याही वर जातात. ते नाहीसे होत नाहीत, उलटे दुमडून खाली येतात. ५,००० हर्ट्झचा नऊपट उपस्वर ४५,००० हर्ट्झला पडायला हवा; तो दुमडून ३,००० हर्ट्झला ऐकू येतो. त्याचा मूळ स्वराशी काहीही संबंध नसतो, तो निव्वळ बेसूर असतो. तुम्ही तार ओढून स्वर वर नेता तेव्हा हा खोटा स्वर खाली सरकतो. जुन्या यंत्रांचा तो कचकचीत, कोरडा खरखराट काही अंशी यातून येई. आता हिशेब कित्येक पट जास्त वेगाने करतात आणि नको ते गाळून टाकतात, त्यामुळे चांगल्या मॉडेलरमध्ये ही तक्रार जवळपास मिटली आहे. सॅग, स्पीकरच्या रोधाचं वळण, गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज स्वच्छ होणं, हे सगळंही गणितात आलं आहे.

मग दुकानात फरक का वाटतो? कारण मॉडेलर तुम्हाला ॲम्पचा आवाज ऐकवतच नाही. तो ॲम्प, त्याचं कॅबिनेट (स्पीकरचं खोकं, थोडक्यात कॅब) आणि त्याच्यासमोर ठेवलेला माइक, या तिन्हींचा मिळून आवाज ऐकवतो. कॅबिनेट आणि माइकचं हे मोजमाप इम्पल्स रिस्पॉन्स नावाच्या छोट्या फाइलमध्ये असतं. स्पीकरच्या जाळीला जवळजवळ चिकटवलेला माइक जे ऐकतो ते आपण आयुष्यभर रेकॉर्डमध्ये ऐकत आलो आहोत, पण खोलीत उभे राहून ते कधीच ऐकलेलं नसतं. खोलीत स्पीकर घोट्यापाशी असतो, त्याचे वरचे स्वर एका झोतासारखे पायांवरून निघून जातात आणि बाकीचं भिंतींवरून फिरून येतं. तीच मॉडेलरची पेटी, तिच्यातली कॅबिनेटची नक्कल बंद करून, पॉवर ॲम्पमधून खऱ्या बारा इंची कॅबला जोडून पाहा. वाद निम्म्याहून जास्त तिथेच संपतो. फेंडरने २०१९मध्ये टोन मास्टर मालिकेत नेमकं हेच केलं: आत डिजिटल मेंदू, बाहेर नेहमीचं उघडं खोकं आणि गिटारचा स्पीकर. व्हॉल्व्हचा ट्विन रिव्हर्ब सुमारे २९ किलोंचा आहे, हा सुमारे १५ किलोंचा.

आवाजाच्या पातळीचं प्रकरण तर याहून मोठं आहे. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० हा स्पीकर फक्त १ वॅटवर १ मीटर अंतरावर १०० डेसिबल देतो. रहिवासी भागासाठी २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये ५ वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्पसुद्धा ज्या जागी रंगात येतो तिथवर नेताच येत नाही. मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे एकूण आवाजाचा नॉब, खाली ठेवला तर फक्त लहान व्हॉल्व्ह कापतात, पॉवर व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर झोपलेलेच राहतात. शिवाय हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच हे मोजून दाखवलं होतं. त्यामुळे रात्रीच्या फ्लॅटमध्ये, व्हॉल्यूम दहावर नेलेल्या मार्शलच्या जास्त जवळ असतो तो हेडफोनमधला चांगला मॉडेलर. एकवर ठेवलेला खरा मार्शल त्या आवाजापासून फार लांब असतो. मला हे अगदी ठामपणे म्हणावंसं वाटतं, कारण घरच्या सरावासाठी कर्ज काढून १०० वॅटचं हेड, म्हणजे स्पीकर नसलेला सुटा ॲम्प, घेतलेली मुलं असतात आणि ते हेड कपाटावर पडून राहतं.

उशीर, म्हणजे लेटन्सी, याची भीती मात्र फुगवलेली आहे. चांगल्या पेटीत ती २ ते ४ मिलिसेकंद असते. आवाजाला हवेतून १ मीटर यायलाच सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. ॲम्पपासून दोन पावलं मागे सरकलात तर तेवढा उशीर झालाच. लॅपटॉपवर मात्र सेटिंग चुकलं तर तो खरंच जाणवतो.

एका जागी हेडफोन हरतोच. मोठ्या आवाजात स्पीकरची हवा तारांना हलवते, आणि धरलेला स्वर विरण्याऐवजी वाढत जाऊन वरच्या उपस्वरात उलटतो. हे गिटार आणि स्पीकर एकाच हवेत असल्याशिवाय होत नाही. डिजिटल यंत्रातूनही ते होतं, पण समोर जोरात वाजणारा स्पीकर हवा.

स्टेजवर चित्र आणखी वेगळं आहे. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात किंवा गणपतीच्या कार्यक्रमांत गिटारवाला कितीतरी वर्षं प्रोसेसर थेट मिक्सरला लावत आला आहे. तिथे ॲम्पला माइक लावून, ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या गदारोळात तो सांभाळणं साउंडवाल्याला नकोच असतं. जगभर फिरणारे मोठे बँडही आता तेच करतात. मेटॅलिकासुद्धा दौऱ्यांत फ्रॅक्टलची यंत्रं वापरते. श्रोत्यांपर्यंत पोहोचतो तो पीएमधला (श्रोत्यांसाठीच्या मोठ्या स्पीकरमधला) आवाज, म्हणजे शेवटी माइकचाच आवाज. तिथे मॉडेलर रोज सारखाच वाजतो; खऱ्या ॲम्पसमोरचा माइक दोन बोटं सरकला की आवाज बदलतो.

सांभाळायला कोण सोपं, याचं उत्तर सरळ नाही. पॉवर व्हॉल्व्ह झिजतात, बदलावे लागतात, बायस, म्हणजे सिग्नल नसताना त्यांतून वाहणारा प्रवाह, लावून घ्यावा लागतो. आज ते मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. २०२२मध्ये रशियाकडून पुरवठा अडला तेव्हा किमती भडकल्या. अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर जळेल, त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. आणि प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज शिल्लक असू शकतं, म्हणून माहिती नसेल तर झाकण उघडू नका. दुसऱ्या बाजूला, साठ वर्षांपूर्वीचा व्हॉक्स एसी३० आजही दुरुस्त होतो आणि मानाने वाजतो. १९९८चा पॉड मात्र आज कुणी मुख्य ॲम्प म्हणून घेणार नाही.

घ्यायचा विचार असेल तर चाचणी अशी करा. दोन्ही यंत्रं एकाच कॅबमधून ऐका. फोनवरच्या डेसिबल मीटरने दोघांची पातळी समान करा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. मग गेन (सुरुवातीच्या टप्प्यांवर सिग्नल वाढवणारा नॉब) थोडा वाढवून गिटारचा व्हॉल्यूम दहावरून चारवर आणा आणि एकच कॉर्ड हळू, मग जोरात छेडा. चांगल्या मॉडेलरशी तुलना असेल तर फरक इथेच सापडेल किंवा सापडणार नाही. सापडला, बोटांना तो हवाहवासा वाटला आणि मोठ्याने वाजवायची जागा असेल, तर व्हॉल्व्हचाच ॲम्प घ्या, पण ५ ते १५ वॅटचा. १०० वॅटचा ॲम्प ५० वॅटच्या ॲम्पपेक्षा फक्त ३ डेसिबलने मोठा वाजतो.