जहाजावरील संगीत महोत्सव

प्रवासी जहाज ठरावीक दिवसांसाठी भाड्याने घेऊन भर समुद्रात भरवला जाणारा संगीत महोत्सव. जहाजावर गाणेबजावणे असणे वेगळे आणि जहाजावर महोत्सव असणे वेगळे. कोणत्याही क्रूझवर संध्याकाळी वाद्यवृंद वाजतो, पण तिथे प्रवासी फिरायला आलेला असतो आणि गाणे जेवणासोबत येते. महोत्सवात लोक गाण्यासाठी तिकीट काढतात आणि वाटेतले बंदर दुय्यम ठरते. कलावंतही प्रयोग आटोपून हॉटेलवर परतत नाहीत. तीन-चार दिवस ते श्रोत्यांबरोबर त्याच जहाजावर राहतात, त्याच भोजनगृहात रांगेत उभे राहतात, दुसऱ्याचे गाणे ऐकायला प्रेक्षकांत येऊन बसतात. या प्रकाराचे वेगळेपण या सहवासात आहे. मंच कितीही मोठा असला तरी हा सहवास नसेल, तर उरते ती नुसती तरंगती पार्टी.

उगम

सागरी प्रवासाच्या सुवर्णकाळात मोठ्या बोटींवर वाद्यवृंद असत. त्यांतल्या अनेकांत गोव्याचे वादक होते. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येणारे हे कलावंत मुंबईत धोबीतलाव परिसरातल्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक वसतिगृहांत, उतरत आणि बोटीवर किंवा हॉटेलांच्या बँडमध्ये काम मिळवत. मात्र ती नोकरी होती, महोत्सव नव्हे.

आजच्या अर्थाने सुरुवात धरायची तर १९८३ साली ‘नॉर्वे’ जहाजावर झालेल्या जॅझ महोत्सवाचा उल्लेख करावा लागतो. हे मूळचे ‘फ्रान्स’ नावाचे अटलांटिक पार करणारे जहाज. १९६२ मध्ये ते सेवेत आले, पुढे विकले गेले आणि १९८० पासून कॅरिबियन समुद्रात सहलींसाठी धावू लागले. त्याच्या प्रशस्त दालनांत जॅझमधली नामवंत मंडळी आठवडाभर वाजवू लागली. या जहाजाचा शेवट आपल्याकडेच झाला. ‘ब्लू लेडी’ या नावाने ते २००६ मध्ये गुजरातमधल्या अलंगला आले. त्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसवरून सर्वोच्च न्यायालयात लढाई झाली आणि २००७ मध्ये परवानगी मिळाल्यावर ते तोडण्यात आले.

यानंतर ही कल्पना अमेरिकेत फोफावली. २००१ मध्ये ‘सिस्टर हेझल’ या रॉक बँडने आपल्या चाहत्यांसाठी ‘द रॉक बोट’ सुरू केली. २००४ मध्ये ‘जॅम क्रूझ’ निघाली, २०१२ मध्ये इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची ‘होली शिप’. ‘रॉक बोट’च्या आयोजनातून वाढलेली ‘सिक्स्थमन’ ही कंपनी २०१२ मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाइनने विकत घेतली. त्या वर्षापर्यंत हा छंद राहिला नव्हता, त्याचा धंदा झाला होता.

या परंपरेतला सर्वांत बोलका नमुना म्हणजे ‘७०००० टन्स ऑफ मेटल’. जानेवारी २०११ मध्ये ‘मॅजेस्टी ऑफ द सीज’ हे जहाज मायामीहून मेक्सिकोतील कोझुमेलकडे निघाले, ते सुमारे ४० हेवी मेटल बँड आणि दोन हजारांच्या आसपास श्रोते घेऊन. पुढे बँडची संख्या ६०च्या घरात गेली. नावातले सत्तर हजार टन हे जहाजाचे वजन नव्हे. प्रवासी जहाजांचे ‘टनेज’ आतल्या बंदिस्त जागेचे माप असते. इथे प्रत्येक बँड दोनदा वाजवतो, बहुधा वेगवेगळ्या मंचांवर. त्यामुळे एका वेळी दोन आवडते बँड आले तरी श्रोत्याला दुसरी संधी मिळते. साधी वाटणारी ही सोय फार विचारपूर्वक केलेली आहे.

हिशेब

आयोजक बहुधा पूर्ण जहाज भाड्याने घेतो आणि केबिन स्वतः विकतो. केबिनचा दर दोघांच्या मुक्कामावर धरलेला असतो, म्हणून एकट्या श्रोत्याला हा महोत्सव महाग पडतो. मैदानावर आयत्या वेळी आणखी हजार तिकिटे विकता येतात. इथे जीवरक्षक नौका आणि सुरक्षा प्रमाणपत्रात लिहिलेली प्रवासीसंख्या ही अंतिम मर्यादा असते. शिवाय कलावंत, त्यांचे साथीदार, ध्वनियोजक हे सगळे त्याच संख्येत मोजले जातात. मोठा ताफा घेऊन येणारा गायक आयोजकाच्या विकाऊ केबिन खातो. म्हणूनच या महोत्सवांत अवाढव्य निर्मितीपेक्षा आटोपशीर संचांना अधिक वाव मिळतो.

वारा, आवाज आणि डोलणे

जहाज सकाळी बंदराला लागते, आधीचे प्रवासी उतरतात आणि दुपारपासून नवे चढू लागतात. मंचाचे सामान चढवायला मिळतात ते मधले काही तास. डेकवरचा मोठा मंच अनेकदा पहिल्या रात्री जहाज चालू असताना पोहण्याच्या तलावावर उभारला जातो. वारा वाढला की काम थांबते आणि दुसऱ्या दिवसाचे वेळापत्रक कोलमडते.

उघड्या डेकवर आवाज परतवायला भिंती नसतात, त्यात वारा तार सूर उडवून नेतो. खर्जाचे मात्र उलटे. बास स्पीकरचे हादरे पोलादी डेकमधून खालच्या मजल्यांवर उतरतात आणि झोपायला गेलेल्याच्या उशाशी पोचतात. त्यामुळे स्पीकरखाली रबराचे थर घालतात, ड्रमचा संच पट्ट्यांनी आवळून ठेवतात. बहुतेक मोठ्या प्रवासी जहाजांवरची वीज ६० हर्ट्झची असते आणि आपल्याकडची ५०, हेही मुंबईहून उपकरणे नेणाऱ्याने आधी तपासावे लागते.

भारतीय वाद्यांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. संध्याकाळच्या दमट, खाऱ्या हवेत डेकवर तबला ठेवला की पुडी, म्हणजे तोंडावरचे कातडे, सैलावते आणि स्वर उतरतो. वादक गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, हातोडी मारून तो चढवतो, नाहीच भागले तर बाजूचे लाकडी गठ्ठे खाली सारतो. तोच तबला तासाभराने वातानुकूलित सभागृहात नेला की कोरड्या हवेने कातडे ताणले जाते आणि स्वर वर जातो. हार्मोनियमची पट्टी ठरलेली असल्याने जुळवून घ्यायचे ते तबल्यानेच. म्हणून डेकसाठी एक आणि सभागृहासाठी एक अशी वेगळी जोडी ठेवणे शहाणपणाचे. सतार-तंबोऱ्याच्या पोलादी तारांना मीठ लागले की गंज चढायला वेळ लागत नाही. दर बैठकीनंतर तारा कोरड्या फडक्याने पुसणे हा इथे रियाझाइतकाच आवश्यक भाग आहे.

बोट लागणे ही श्रोत्यांइतकीच गायकांचीही अडचण. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवर हालचाल सर्वांत कमी जाणवते. पण मोठे सभागृह पुष्कळ जहाजांवर नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला असते, जिथे पुढेमागे होणारे हेलकावे जास्त. दोन्ही बाजूंना असलेले स्थिरक पंख आडवे डोलणे कमी करतात, या हेलकाव्यांवर त्यांचा फारसा इलाज चालत नाही.

मुंबई

मुंबईला समुद्रप्रवास नवा नाही. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जात. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशी बंदरे घेत त्या पुढे सरकत आणि प्रवासी पडावातून किनाऱ्याला उतरत. या मार्गाच्या आठवणीत १७ जुलै १९४७ हा दिवसही आहे. त्या दिवशी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. पुढे ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी चाकरमान्यांना गावी नेत राहिल्या. त्या थांबल्यावर १९९०च्या दशकात गोव्यासाठी वेगवान कॅटमरान आली, पण १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागल्यावर सागरी वाटेची निकड संपली. जलमार्ग पुन्हा सुरू झाला तो सहलीसाठी. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ मुंबई–गोवा निघाली. २०१९ मध्ये ‘जलेश’ कंपनीची ‘कर्णिका’ आली. कोविडच्या साथीत कंपनी बंद पडली आणि २०२० मध्येच ते जहाजही अलंगला तोडायला गेले. सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे ‘एम्प्रेस’ मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या फेऱ्या करू लागले. बॅलार्ड इस्टेटमधले ग्रीन गेट मुंबईकरांच्या ओळखीचे झाले ते या जहाजामुळे. इंदिरा गोदीतल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले.

या जहाजांवर संगीत भरपूर असते. हिंदी चित्रपटगीतांचे नृत्यप्रयोग, डीजे, अंताक्षरी, गझलची एखादी संध्याकाळ, सगळे होते. पण ते सहलीच्या दरात मोफत मिळणारे मनोरंजन असते आणि जहाज गाण्यासाठी निघालेले नसते. त्यातच २ ऑक्टोबर २०२१ रोजी, एका संगीत-पार्टीसाठी गोव्याकडे निघणाऱ्या जहाजावर अमली पदार्थ नियंत्रण विभागाने छापा घातला. प्रसिद्ध हिंदी अभिनेत्याच्या मुलासह अनेकांना अटक झाली. मे २०२२ मध्ये १४ जणांविरुद्ध आरोपपत्र दाखल झाले, मात्र पुराव्याअभावी या मुलासह सहा जणांवर आरोप ठेवण्यात आले नाहीत. कित्येक महिने बातम्यांत हेच राहिल्याने क्रूझवरचे संगीत म्हणजे नशापाणी, असा ग्रह घराघरांत बसला. या कलाप्रकारावर तो अन्याय आहे.

कारण मुंबई–गोवा मार्गाची लांबी रात्रभराच्या मैफलीच्या मापाची आहे. संध्याकाळी बंदर सोडलेले जहाज रात्रभर कोकण किनाऱ्याला समांतर चालते आणि दुसऱ्या दिवशी मुरगावला लागते. रात्रभर चालणाऱ्या बैठकी महाराष्ट्राने मनापासून ऐकल्या आहेत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. नागरी झोपेच्या दृष्टीने नियम योग्यच आहे, पण त्याची किंमत उत्तररात्रीच्या रागांनी मोजली. मालकंस लवकर उरकावा लागतो आणि ललित त्याच्या खऱ्या वेळी, उजाडण्याच्या आधी, मंडपात बसून ऐकणारे आता थोडे. समुद्रात चालत्या जहाजाच्या सभागृहात शेजाऱ्याची झोप मोडायची भीती नाही आणि शेवटची लोकल गाठायची घाईही नाही. मुंबईच्या श्रोत्याला मध्यंतरानंतर घड्याळाकडे बघायला लावणारी गोष्ट तीच असते.

सामूहिक गाण्याचीही या शहराला उत्तम सवय आहे. लोकलच्या डब्यात टाळ-मृदंगासह रोज भजन करणारी मंडळे हे त्याचे सर्वांत जिवंत रूप. प्रवास आणि गाणे एकत्र बांधणे त्यांना शिकवावे लागत नाही. पाण्याशी नाते सांगणारे महोत्सवही मुंबईत झाले आहेत. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या घारापुरीच्या महोत्सवासाठी रसिक गेटवेवरून लाँचने बेटावर जात. वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावाकाठी शास्त्रीय संगीताच्या मैफली झाल्या. पण दोन्हीकडे गाणे किनाऱ्यावर आणि श्रोता कार्यक्रम संपताच परतीच्या वाटेवर.

अडचणी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. सर्वांत मोठी दराची. कोकणच्या बोटीत डेकवर वळकटी पसरून गरीब माणूसही जात असे. क्रूझच्या केबिनचे भाडे मध्यमवर्गीय रसिकालाही जपून खर्चावे लागते, आणि शास्त्रीय संगीताचा मोठा श्रोतृवर्ग निवृत्तिवेतनावर जगणारा आहे. अर्ध्या जहाजाचे आरक्षण हा मधला मार्ग होऊ शकतो. एक सभागृह आणि काही मजले महोत्सवाला, बाकी जहाज नेहमीच्या प्रवाशांना. जगात अनेक संगीत-सहली अशाच चालतात. त्यात संपूर्ण जहाज भरण्याचा धोका नसतो, फक्त वरच्या डेकवरचा डीजे आणि खालचा विलंबित ख्याल एकमेकांच्या अंगावर येणार नाहीत हे पाहावे लागते.

परवाने, सुरक्षा, हंगाम

जहाज परदेशी ध्वजाखाली असले तरी भारतीय बंदरांमधल्या फेरीत सीमाशुल्क, बंदर प्रशासन आणि उत्पादनशुल्क यांचे नियम लागू होतात. ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची तर त्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांकडून परवाना घ्यावा लागतो, आणि गीतकार-संगीतकारांचे हक्क वेगळे असल्याने एकाच परवान्यावर भागतेच असे नाही.

१३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ जहाज खडकावर आदळून ३२ जण दगावले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले आणि प्रवाशांची आपत्कालीन कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. महोत्सवाचे वेळापत्रक आखताना ही वेळ मोकळी सोडावीच लागते.

मुंबईतला हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात अरबी समुद्र खवळलेला असतो. २०२२ च्या पावसाळ्यात ‘एम्प्रेस’ने चेन्नईहून फेऱ्या सुरू केल्या होत्या. त्यामुळे गणेशोत्सवाच्या सुमारास मुंबईहून असा महोत्सव काढणे जोखमीचे. कोजागरीनंतरचे निवळलेले आकाश आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला तुलनेने शांत समुद्र हा सर्वांत योग्य काळ.