नदी नेमकी कुठून निघते? पामीरमधल्या एका बॉर्डरची गोष्ट

फेब्रुवारी 1838. जॉन वुड नावाचा एक तरुण लेफ्टनंट पामीरच्या पठारावर एका गोठलेल्या तळ्याच्या काठी पोचला आणि त्याने तिथे पाणी उकळलं. चहासाठी नाही, उंची मोजायला. जितकं वर जावं तितका हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळतं, हे साधं भौतिकशास्त्र. त्याच्या थर्मामीटरवर पाणी 184 अंश फॅरनहाइटला उकळलं, म्हणजे साधारण 84 सेल्सियस, आणि त्यावरून त्याने तळ्याची उंची काढली 15,600 फूट. आज आपल्याला माहीत आहे की ते तळं साडेतेरा हजार फुटांच्या आसपास आहे. म्हणजे थर्मामीटर दोन सेल्सियसपेक्षाही कमी चुकला आणि उत्तर दोन हजार फुटांनी चुकलं.

वुड होता ईस्ट इंडिया कंपनीच्या इंडियन नेव्हीतला, जिचं मुख्य ठाणं आपल्या मुंबईत होतं. समुद्रावरचा माणूस जगाच्या छपरावर काय करत होता? तर अमू दर्या नदीचा उगम शोधत होता. ही मध्य आशियातली सगळ्यात मोठी नदी, युरोपातले लोक हिला ऑक्सस म्हणत. वरच्या भागात तिलाच पंज म्हणतात. वुडने ते तळं (झोरकुल) पाहिलं, हाच उगम असं ठरवलं, आणि नंतर नकाशांवर त्याला राणीच्या नावाने लेक व्हिक्टोरिया लिहायला लागले.

आता या तळ्याकडे येताना झालेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कला पंजा नावाच्या गावाजवळ दोन नद्या एकत्र येतात, एक झोरकुलकडून येणारी पामीर नदी आणि दुसरी सरहद नावाच्या गावाकडून येणारी वाखान नदी. यातली खरी ऑक्सस कोणती? वुडला झोरकुलकडची मोठी वाटली, पण वाखानच्या लोकांचं मत उलट होतं आणि हे त्याने स्वतः प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. भर हिवाळा, अर्धं पाणी बर्फाखाली, नुसत्या नजरेचा अंदाज. तरी पुढे नकाशावर त्याचंच मत गेलं, वाखी लोकांचं नाही गेलं.

पस्तीस वर्षांनी हे मत एकदम लाखमोलाचं झालं. रशिया एकेक खानशाही घेत दक्षिणेकडे सरकत होता, ब्रिटिश भारतातून उत्तरेकडे बघत होते, आणि दोघांच्या मध्ये अफगाणिस्तान. 1873 मध्ये लंडन आणि सेंट पीटर्सबर्ग यांच्यात पत्रव्यवहार होऊन ठरलं की अफगाणिस्तानची उत्तर हद्द म्हणजे ऑक्सस नदी, पूर्वेला वुडच्या तळ्यापासून ते पश्चिमेला ख्वाजा सालार नावाच्या ठिकाणापर्यंत. हे ख्वाजा सालार कुठून आलं? अलेक्झांडर बर्न्स 1832 मध्ये बुखाऱ्याला जाताना तिथे नदी ओलांडून गेला होता त्याच्या वर्णनातून. बर्न्स मुंबईच्या फौजेतला. म्हणजे विचार करा, दोन साम्राज्यांमधल्या हद्दीची दोन्ही टोकं मुंबईच्या नोकरीतल्या दोन माणसांच्या घाईघाईच्या प्रवासावरून घेतलेली, आणि सह्या करणाऱ्यांपैकी कोणीही ती जागा पाहिलेली नाही.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा. सीमा ठरवणं वेगळं आणि सीमा आखणं वेगळं. ठरवणं कागदावर होतं, शब्दांत. आखणं जमिनीवर होतं, खांब रोवून. ज्याच्या घरात कधी शेताची मोजणी झालीय त्याला हे पटकन कळेल, सातबाऱ्यावर काय लिहिलंय हा एक विषय आणि मोजणीवाला येऊन खुणा कुठे घालतो हा दुसरा.

1884 मध्ये संयुक्त कमिशन नेमलं आणि मोजणीवाले पश्चिमेच्या बाजूने निघाले. मध्येच 30 मार्च 1885 ला पंजदेहला रशियन सैन्याने अफगाणांवर हल्ला केला, शेकडो अफगाण मारले गेले, आणि ब्रिटन-रशिया युद्ध अगदी तोंडावर आलं. ते टळलं. मोजणी पुढे चालू झाली आणि मग नदीकाठी पोचल्यावर कळलं की करारात लिहिलेलं ख्वाजा सालारचं ठाणं सापडतच नाहीये! ते नाव तिथे होतं पण नुसतं एका जागेला नाही, आणि करारात म्हटलंय तसं ठाणं काही कोणाला दाखवता येईना. रशियन म्हणाले ते वरच्या बाजूला, अफगाण म्हणाले खालच्या बाजूला, आणि मधल्या पट्ट्यात खामियाबची पिकती जमीन. शेवटी 1887 मध्ये सेंट पीटर्सबर्गला बसून सौदा झाला, खामियाब अफगाणांकडे राहिलं आणि त्याबदल्यात कुश्क आणि मुर्गाब नद्यांमधली काही जमीन रशियाकडे गेली. हा प्रश्न दुर्बिणीने सुटण्यासारखा नव्हताच. थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, तुम्ही कुठे उभे आहात ते सांगेल, पण पन्नास वर्षांपूर्वीच्या एका नावाचा अर्थ काय हे कसं सांगणार?

पूर्वेच्या टोकाला प्रश्न आणखी अवघड होता. नदीला हद्द धरणं कागदावर छान दिसतं, पण डोंगराळ मुलखात माणसं दरीत राहतात, आणि दरी म्हणजे नदीचे दोन्ही काठ. शिग्नान आणि रोशान ही छोटी राज्यं पंजच्या दोन्ही काठांवर पसरलेली होती. हे कधी कळलं? करारानंतर. 1874 मध्ये अब्दुल सुभान नावाचा सर्व्हे ऑफ इंडियाचा मुन्शी पंजच्या काठाने खाली गेला आणि मोजमाप करून आला तेव्हा चित्र स्पष्ट झालं. अशा भारतीय मोजणीदारांची नावं आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहेत याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण या भागाचा पहिला धड नकाशा त्यांच्या पायांनी झालाय.

आणि मग मूळ प्रश्न, उगम कोणता? भूगोलात याची तीन उत्तरं निघू शकतात. सगळ्यात लांब प्रवाह कोणता, सगळ्यात जास्त पाणी कोणात, आणि लोक परंपरेने कोणाला मुख्य नदी म्हणतात. तिन्हींचं उत्तर एकच येईल असं नाही. लांबीने बघितलं तर अक्सू-मुर्गाब-बारतांग (ही मुर्गाब कुश्कजवळच्या मुर्गाबहून वेगळी) हा प्रवाह सगळ्यात लांब, तो पामीरला मोठा वळसा घालून खाली रोशानजवळ पंजला मिळतो. त्याला ऑक्सस मानलं तर पामीरचा प्रचंड भाग नदीच्या दक्षिणेला, म्हणजे अफगाण बाजूला येतो. वाखान नदीला ऑक्सस मानलं तर हद्द थेट हिंदुकुशच्या जवळ येते आणि रशिया जवळजवळ ब्रिटिश भारताच्या दारात. पुढे व्हाइसरॉय झालेला कर्झन 1894 मध्ये स्वतः तिथे फिरला आणि त्याने उगम म्हणून निवडली वाखजीरची हिमनदी, म्हणजे वाखान नदीचीच बाजू. वुडला वाखी लोक जे सांगत होते त्याच बाजूला तो गेला, पण तोवर 1873 ची पत्रं लिहून होऊन गेली होती.

छोट्या पामीरमध्ये तर याहून नवल आहे. तिथलं पाणलोट इतकं सपाट आहे की चेलाब नावाचा एक ओढा दुभंगतो, त्याचं अर्धं पाणी चकमकतीन तळ्यात जाऊन अक्सू होऊन पूर्वेला जातं आणि अर्धं पश्चिमेला वाखान नदीत. आपल्याकडे सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी इकडे पडलं तर अरबी समुद्र आणि तिकडे पडलं तर बंगालचा उपसागर, हे धारेवर उभं राहिलं की दिसतं. तिथे धारच नाही. एकाच ओढ्याचं पाणी दोन्हीकडे जातं आणि शेकडो किलोमीटर फिरून परत एकाच नदीत भेटतं.

1891 मध्ये रशियन कर्नल योनोव्हने बोझाई गुंबजला ब्रिटिश अधिकारी यंगहजबंडला तिथून निघून जायला सांगितलं, पुढच्या वर्षी सोमाताशला अफगाण चौकीवरचे सैनिक मारले गेले, आणि दोन्ही सरकारांना कळलं की आता झोरकुलच्या पूर्वेची रिकामी जागा भरायलाच हवी. 11 मार्च 1895 ला लंडनमध्ये करार झाला. त्यात एक वाक्य असं आहे की मला ते वाचताना अंगावर काटा येतो. हद्द अक्सू नदीवरच्या किझिल राबातपर्यंत जाईल, पण ते ठिकाण झोरकुलच्या अक्षांशाच्या उत्तरेला नसेल तरच. उत्तरेला निघालं तर त्या अक्षांशाच्या दक्षिणेला नदीवरची जवळची सोयीची जागा घ्यायची. म्हणजे चक्क आकाशातल्या ताऱ्यांवर सोडून दिलं.

अक्षांश काढणं त्यातल्या त्यात सोपं. ध्रुवतारा क्षितिजापासून किती उंच दिसतो तितका साधारण तुमचा अक्षांश, बाकी बारीक दुरुस्त्या. एका मिनिटाची चूक म्हणजे जमिनीवर 1.85 किलोमीटर, एका सेकंदाची चूक म्हणजे 31 मीटर. पण डोंगराळ भागात एक फसवणूक असते. उपकरण सरळ उभं करायला ओळंबा लागतो, आणि शेजारचा अवाढव्य पर्वत गुरुत्वाकर्षणाने ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढतो. डेहराडूनसारख्या हिमालयाच्या पायथ्याच्या जागी हा फरक 30 सेकंदांहून जास्त भरतो, म्हणजे जमिनीवर जवळपास एक किलोमीटर. तारा बरोबर, माणूस बरोबर, उपकरण बरोबर, आणि तरी उत्तर सरकलेलं.

रेखांश त्याहून कठीण, कारण त्याला अचूक वेळ लागते. घड्याळ 4 सेकंद चुकलं की एका मिनिटाचा फरक, म्हणजे त्या अक्षांशावर दीड किलोमीटर. तट्टावर लादून खिंडीतून, कडाक्याच्या थंडीत नेलेली घड्याळं किती खरी सांगणार. म्हणून भरवसा त्रिकोणांवर. एक बाजू जमिनीवर मोजायची, मग नुसते कोन मोजत शिखरावरून शिखरावर जायचं. ही साखळी 1802 मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने मोजलेल्या पायारेषेपासून सुरू झालेली, तो बिचारा काम करता करता 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला गेला, त्याची कबर तिथेच आहे. त्या साखळीतून मिळालेल्या शिखरांच्या जागा धरून 1895 च्या उन्हाळ्यात थॉमस होल्डिच आणि त्याचे मोजणीदार झोरकुलला काम करत होते. रशियनांची मोजणी त्यांच्याकडून आलेली. दोन्ही बाजूंच्या त्रिकोणांची साखळी पक्की एकमेकांना जोडली गेली ती 1913 मध्ये. हद्दीचे खांब अठरा वर्षं आधीच उभे होते.

खांब मात्र शांतपणे उभे राहिले. ब्रिटिश कमिशनर जेरार्ड आणि रशियन कमिशनर पोवालो-श्वेइकोव्स्की यांच्या टीमने झोरकुलपासून चीनच्या हद्दीपर्यंत काम उन्हाळ्यात संपवलं, एका शिखराला कॉन्कॉर्ड, म्हणजे एकोपा, असं नावही दिलं. किझिल राबात आज ताजिकिस्तानात आहे. आणि दोन साम्राज्यांची हद्द कुठेही एकमेकांना लागू नये म्हणून अफगाणिस्तानला जी लांब शेपटी मिळाली ती वाखानची पट्टी, तीनशे किलोमीटरहून लांब आणि सगळ्यात अरुंद जागी पंधरा किलोमीटरच्या आसपास. अमीर अब्दुर रहमानला ती सुरुवातीला नकोच होती, सांभाळायला अवघड म्हणून.

पंजवरची चूकही तेव्हाच निस्तरली, म्हणजे काय केलं तर अफगाणिस्तानने पलीकडच्या काठावरचं शिग्नान-रोशान सोडलं आणि रशियाच्या छत्राखालच्या बुखाऱ्याच्या अमिराने अलीकडच्या काठावरचा दरवाझचा भाग सोडला. नदी कागदावर जिंकली. माणसं दोन्ही काठांवर तीच होती. सोव्हिएत काळात तो काठ इतका कडक बंद झाला की समोर दिसणाऱ्या गावात नातेवाईक आणि जायला वाट नाही. वाखी भाषा बोलणारे आज अफगाणिस्तान, ताजिकिस्तान, पाकिस्तान आणि चीन अशा चार देशांत आहेत. किरगीझ लोक तर उन्हाळ्यात एका कुरणात आणि हिवाळ्यात दुसऱ्या असे फिरणारे, त्यांची कुरणंच कापली गेली. 1978 मध्ये त्यांचा प्रमुख रहमान कुल खान सुमारे 1,300 लोकांना घेऊन पाकिस्तानात उतरला आणि 1982 मध्ये ते तिथून तुर्कस्तानात वान सरोवराच्या भागात वसले.

ताजिकिस्तानच्या बाजूला लंगर नावाचं गाव आहे, जिथे वुडपुढे प्रश्न पडला होता तो संगम त्याच्याजवळच आहे. डावीउजवीकडून येणाऱ्या दोन नद्या आजही तिथेच भेटतात. वुडने निवडलेली पामीर नदी म्हणजे आंतरराष्ट्रीय सीमा. वाखी लोक जिला मोठी म्हणत होते ती वाखान नदी पूर्णपणे अफगाणिस्तानच्या आतून येते, तिच्यावर एकही हद्दीचा खांब नाही. आणि संगमाच्या खाली पाणी एक होतं, काठ दोन देशांचे होतात, दोन्ही काठांवर जवाची शेतं आणि शेतात बोलली जाणारी भाषा एकच, वाखी.