स्पॉन्सर म्हणजे नेमकं कोण? ब्रिटनच्या वर्क व्हिसाची मागची गोष्ट

आपल्याकडे स्पॉन्सर म्हटलं की गणपतीच्या मांडवाबाहेरची कमान डोळ्यासमोर येते, वर सराफाचं नाव, पैसे दिले की त्याचं काम संपलं. त्यामुळे गावाकडून भाच्यांचे फोन येतात की मामा तुमची कंपनी स्पॉन्सर करेल का, तेव्हा त्यांच्या डोक्यात एवढंच असतं की व्हिसाचे पैसे कंपनी भरेल का. ब्रिटनमधे या शब्दाचा अर्थ जामीनदाराच्या जास्त जवळचा आहे. माणूस कामावर येतो का, कागदावर लिहिलेला पगार खरंच मिळतो का, न सांगता सलग १० कामाचे दिवस गायब झाला तर होम ऑफिसला, म्हणजे तिथल्या गृहखात्याला कळवणं, हे सगळं कंपनीच्या गळ्यात. आणि नोकरी गेली की व्हिसाची दोरी पण तुटते, कंपनीने कळवल्यावर साधारण ६० दिवस मिळतात, तेवढ्यात नवीन स्पॉन्सर शोधा नाहीतर बॅग भरा. हे असं का झालं ते कळायला बरंच मागे जावं लागतं.

गंमत म्हणजे सुरुवातीला आपल्या लोकांना यातलं काहीच लागत नव्हतं. १९२० च्या एलियन्स ऑर्डरने परक्या माणसाला कामावर ठेवायचं तर मालकाने लेबर मिनिस्ट्रीकडून परमिट काढायचं असा नियम केला, म्हणजे मालकाने अर्ज करायचा ही पद्धत १०० वर्षांहून जुनी आहे. पण भारतीय तेव्हा 'परके' नव्हतेच, ब्रिटिश प्रजा होते. १९३२ मधे लंडनला महाराष्ट्र मंडळ सुरू झालं तेव्हाच्या मराठी माणसाला तिथे नोकरी करायला कायद्याने परमिट लागत नव्हतं, फ्रेंच किंवा इटालियन माणसाला लागत होतं. स्वातंत्र्यानंतर पण १९४८ च्या नॅशनॅलिटी अ‍ॅक्टमुळे कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून दार उघडंच राहिलं. अडवणूक व्हायची ती उलट इकडून, ५० च्या दशकात आपलं सरकारच पासपोर्ट द्यायला हात आखडता घ्यायचं.

मग आला १९६२ चा कॉमनवेल्थ इमिग्रंट्स अ‍ॅक्ट, १ जुलैपासून लागू. आजच्या सिस्टिमचं बी मला तरी इथे दिसतं. कामासाठी यायचं तर व्हाउचर लागणार, आणि व्हाउचर तीन प्रकारचे. 'ए' म्हणजे ब्रिटनमधल्या मालकाने नाव घेऊन नोकरी दिलेली. 'बी' म्हणजे नोकरी हातात नाही पण डॉक्टर, शिक्षक, इंजिनियर असं काही शिक्षण किंवा हुन्नर आहे. 'सी' म्हणजे बाकी सगळे. 'सी' ची गर्दी एवढी झाली की दोन वर्षांत तो देणं थांबलं आणि १९६५ च्या श्वेतपत्रिकेने तो कायमचा बंद करून टाकला, वर वर्षाला फक्त ८,५०० व्हाउचर, त्यातले १,००० माल्टासाठी राखून. म्हणजे उरले दोन दरवाजे, एक मालकाच्या नावावर आणि एक स्वतःच्या डिग्रीवर. हे दोन दरवाजे लक्षात ठेवा कारण पुढची सगळी भानगड यांचीच आहे.

डिग्रीच्या दरवाज्याने आले ते मुख्यतः डॉक्टर. एनएचएसला, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला माणसं कमी पडत होती आणि आपल्याकडची मेडिकल कॉलेजं ब्रिटिशांच्याच साच्यातली, इंग्रजीत शिकवणारी, डिग्रीला तिकडे मान्यता. वेल्समधली खाणकामगारांची गावं, उत्तर इंग्लंडमधली मिलची गावं, जिथे इंग्रज डॉक्टर जायला तयार नसायचे तिथे ही मंडळी जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर म्हणून बसली आणि आयुष्यभर तिथेच राहिली. १९७५ मधे ती डिग्रीची आपोआप मान्यता गेली आणि परीक्षा आली, तीच पुढे प्लॅब.

पण त्याआधीच दुसरा दरवाजा बंद झाला होता. १९७१ चा इमिग्रेशन अ‍ॅक्ट १ जानेवारी १९७३ ला लागू झाला, व्हाउचर गेले आणि भारतीयांना पण परक्यांसारखं वर्क परमिट आलं, मालकाच्या अर्जावर, त्या मालकापुरतं, त्या कामापुरतं. आणि योगायोग बघा, त्याच दिवशी ब्रिटन युरोपियन कम्युनिटीत गेलं. म्हणजे ३१ डिसेंबरला झोपताना इटालियन माणूस परका होता आणि आपण कॉमनवेल्थचे, सकाळी उठून बघतो तर इटालियनला परमिटची गरजच नाही आणि आपण रांगेत. डॉक्टरांना ट्रेनिंगपुरती परमिटची सूट राहिली, ती मात्र बरीच वर्षं.

पुढची पंचवीस एक वर्षं फार काही सांगण्यासारखं नाही. मग ९० च्या दशकाच्या शेवटी वायटूके (सन २००० च्या तारखेचा कॉम्प्युटरमधला घोळ) आणि आयटीची लाट आली, पुण्या-मुंबईच्या कंपन्या पोरांना भराभर ऑनसाइट पाठवायला लागल्या. कंपनी फॉर्म भरायची, शेफिल्डच्या ऑफिसातून परमिट यायचं, हातात कागद आला की मग व्हिसा. परमिट देणारं खातं आधी रोजगाराच्या मंत्रालयाकडे होतं ते २००१ मधे होम ऑफिसकडे गेलं. ही गोष्ट दिसायला छोटी आहे पण माझ्या मते इथेच सूर बदलला, आधी प्रश्न असायचा की उद्योगाला माणूस पाहिजे का, नंतर प्रश्न झाला की हा माणूस आत कशाला येतोय.

आणि तरी २००२ च्या जानेवारीत दुसरा दरवाजा परत उघडला! हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्रॅम, सगळे एचएसएमपी म्हणायचे. शिक्षणाचे पॉइंट, आधीच्या पगाराचे पॉइंट, अनुभवाचे पॉइंट, बेरीज जमली की नोकरी नसताना पण या, कुठेही काम करा, मालक बदला, नाहीतर स्वतःचा धंदा काढा. ज्यांनी तो काळ बघितलाय ते अजून त्याच्याबद्दल असं बोलतात जसं जुनी माणसं स्वस्ताईबद्दल बोलतात. लोकांनी चांगल्या नोकऱ्या सोडल्या, घरं विकली, पोरांना शाळेतून काढून नेलं. मग नोव्हेंबर २००६ मधे सरकारने नियम बदलले आणि ते आधीच आलेल्यांना पण लावले, मुदत वाढवताना नवीन हिशोबाने पॉइंट भरा म्हणून. लोक एचएसएमपी फोरम काढून कोर्टात गेले आणि एप्रिल २००८ मधे जिंकले, कोर्ट म्हणालं की खेळ सुरू झाल्यावर नियम असे बदलता येणार नाहीत (शब्द माझे, मुद्दा त्यांचा). डॉक्टरांचंही तसंच, २००६ मधे परमिटशिवाय ट्रेनिंगची सूट अचानक काढून घेतली, वर आरोग्य खात्याने हॉस्पिटलांना सूचना दिली की युरोपातला उमेदवार मिळाला तर यांना घेऊ नका, भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना बापिओ थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली आणि त्याच एप्रिलमधे ती सूचना बेकायदा ठरली.

तोपर्यंत नवीन सिस्टिम तयार होती. २००८ मधे पॉइंट्स बेस्ड सिस्टिम टप्प्याटप्प्याने आली, टियर वन म्हणजे एचएसएमपीचा वारस, आणि २७ नोव्हेंबरला टियर टू म्हणजे मालकाच्या नावाने येणारे. परमिट हा शब्द गेला आणि 'स्पॉन्सर' आला. आता कंपनीने आधी स्वतः लायसन्स काढायचं आणि मग प्रत्येक माणसासाठी सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप द्यायचं, तेच सीओएस. नावात सर्टिफिकेट असलं तरी तो कागद नाही, होम ऑफिसच्या सिस्टिममधला एक नंबर आहे, लोक उगाच पीडीएफ मागत बसतात. खरी गोम ही की आधी एकेक अर्ज सरकार तपासायचं, आता तपासायचं काम कंपनीवर टाकलं आणि सरकार कंपनीला तपासणार. चुकलात तर लायसन्स जाईल, आणि लायसन्स गेलं की त्यावर असलेल्या सगळ्यांचे व्हिसा धोक्यात, त्यांची काही चूक असो नसो.

२०१० मधे कॅमेरॉनचं सरकार आलं आणि आकडे कमी करायचं ठरलं. टियर वन जनरल नव्याने येणाऱ्यांना डिसेंबर २०१० मधे बंद. दुसरा दरवाजा परत बंद, बघा. एप्रिल २०११ पासून टियर टू जनरलला वर्षाला २०,७०० ची मर्यादा. आयटीवाले सुटले कारण ते इंट्रा कंपनी ट्रान्सफरवर, म्हणजे आयसीटीवर (कंपनीच्या इकडच्या ऑफिसातून तिकडच्या ऑफिसात बदली) यायचे आणि ते या मर्यादेबाहेर होतं, पण त्याची किंमत आधीच वसूल केली होती. एप्रिल २०१० नंतर जे आयसीटीवर आले त्यांना कितीही वर्षं काढली तरी त्यावर आयएलआर, म्हणजे कायम राहायची परवानगी नाही. माझ्या माहितीतले दोघं एकाच प्रोजेक्टवर, एक २००९ ला आलेला आणि एक २०११ चा, पहिला आज ब्रिटिश पासपोर्टवाला आहे आणि दुसरा पाच वर्षांनी हिंजवडीला परत, काम तेच, टेबल पण शेजारचंच.

ती २०,७०० ची मर्यादा डिसेंबर २०१७ पासून दर महिन्याला संपायला लागली. जागा कमी पडल्या की जास्त पगारवाल्याचा नंबर आधी, त्यामुळे एनएचएसने निवडलेल्या ज्युनियर डॉक्टरांना नकार, इकडे हॉस्पिटलात डॉक्टर नाहीत आणि तिकडे त्यांचेच डॉक्टर व्हिसासाठी अडकलेले. शेवटी २०१८ च्या उन्हाळ्यात डॉक्टर-नर्सना मर्यादेतून बाहेर काढलं. यात खर्च पण चढत गेला, २०१५ मधे हेल्थ सरचार्ज (व्हिसासोबत आरोग्यसेवेसाठी भरायचे पैसे) वर्षाला २०० पौंड होता तो फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५ आहे, आणि तो माणशी, घरातल्या प्रत्येकाचा, मुलांना थोडा कमी. २०१७ पासून कंपनीवर स्किल्स चार्ज, म्हणजे बाहेरचा माणूस आणल्याचा आकार, मोठ्या कंपनीला सुरुवातीला वर्षाला १,००० पौंड. हा कंपनीने माणसाकडून वसूल करायला बंदी आहे, कोणी मागत असेल तर सरळ समजा की गडबड आहे.

ब्रेक्झिट झालं आणि १ डिसेंबर २०२० ला सध्याचा स्किल्ड वर्कर व्हिसा आला. ७० पॉइंट, त्यातले लायसन्सवाल्या कंपनीच्या नोकरीचे २०, कामाच्या दर्जाचे २०, इंग्रजीचे १० हे सक्तीचे, बाकी पगारावर. पगार २५,६०० पौंडांवर आणला, कामाची पातळी बारावीच्या जवळ खाली आणली, वार्षिक मर्यादा बाजूला ठेवली, २८ दिवस जाहिरात देऊन आधी इथला माणूस शोधायची अट पण गेली. आता इटालियन आणि आपण एकाच रांगेत, १९७३ पासूनचा फरक गेला.

फेब्रुवारी २०२२ मधे केअर वर्करना यात घेतलं आणि मग जे झालं ते वाईटच झालं. लायसन्स मिळालेल्या कंपन्यांच्या नावावर एजंटांनी सीओएस लाखांमधे विकले, लोक शेती गहाण टाकून आले आणि इथे कामाचे तासच नाहीत, तक्रार करायची तर व्हिसा त्याच मालकाच्या हातात. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ मधे केअरमधली ४७० हून जास्त लायसन्स रद्द झाली. यात फसवणारे होतेच, पण माणसाचा व्हिसा एकाच मालकाला बांधला की असं होणार हे सांगायला काही तज्ज्ञ लागत नव्हता.

मग पेंडुलम परत तिकडे. मार्च २०२४ पासून नव्या केअर वर्करना कुटुंब आणायला बंदी, एप्रिलमधे पगाराची सर्वसाधारण अट २६,२०० वरून एकदम ३८,७००, २२ जुलै २०२५ ला ४१,७००, नवीन माणसासाठी काम पदवीच्या पातळीचं पाहिजे आणि बाहेरून केअर वर्कर आणणं बंद. नवशिक्यांना, हेल्थवाल्यांना वेगळे कमी आकडे आहेत, पण भाच्याला फोनवर मी आधी एवढंच विचारतो की ऑफर किती पौंडांची आहे आणि कंपनीचं नाव सरकारच्या स्पॉन्सर रजिस्टरमधे आहे का, ते रजिस्टर ऑनलाइन फुकट बघता येतं.

आता सगळ्यात जास्त चर्चा मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेतल्या एका प्रस्तावाची आहे, आयएलआरसाठी ५ वर्षांऐवजी १० वर्षं. जे ५ वर्षं धरून आले, ज्यांचं साडेतीन-चार वर्षं झालंय, ते विचारतायत की आम्हाला पण लागू का. जुन्या एचएसएमपीवाल्यांना हे ऐकून हसू येतं, कारण २००६ मधे त्यांचेही ४ चे ५ केले होते आणि त्यासाठी ते परत कोर्टात गेले, एप्रिल २००९ मधे निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यांच्याकडे सरकारने लेखी दिलेलं आश्वासन होतं, म्हणून जमलं. तेव्हापासून ती मंडळी नियमाचं जे काही पान दिसेल त्याचा प्रिंटआउट काढून, वर तारीख टाकून फायलीत ठेवतात.