जिनिंगच्या पॅनेलवर अँड्रॉइड बसवताना

हिंगणघाट किंवा वणी परिसरातील जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, गाठींचे वजन आणि कापसातील ओलावा दाखवणारा टचस्क्रीन बसवायचा झाल्यास अँड्रॉइडचा विचार जरूर करावा, कारण त्याचा सोर्स कोड मुख्यतः अपाची परवान्याखाली खुला आहे, मराठी मजकूर त्यावर नीट उमटतो आणि ऑपरेटरपासून मुनीमजींपर्यंत सगळ्यांचा हात त्यावर बसलेला असतो. मात्र 2008 साली पहिल्या फोनसोबत बाजारात आलेल्या या ऑपरेटिंग सिस्टीमचे संस्कार बॅटरीवर चालणाऱ्या फोनचे आहेत, आणि ती यंत्रावर बसवताना बरेचसे श्रम हे संस्कार पुसण्यातच जातात.

स्क्रीनला काही वेळ हात लागला नाही की फोन झोपी जातो आणि मेमरी कमी पडली की मागे चालणारे ॲप बंद करतो. वजनाची नोंद चालू असताना असे घडून चालत नाही. म्हणून कामाचे ॲप सिस्टीमचाच भाग करून सतत चालू ठेवावे लागते. दुसरे काही उघडता येऊ नये यासाठीची सोय अँड्रॉइड 5 पासून आहेच.

खरी कसोटी वजनकाट्याची वायर जोडताना लागते. काट्याचा इंडिकेटर बहुधा आरएस-232 किंवा आरएस-485 या सिरियल (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या) जोडणीवरून आकडे पाठवतो. अँड्रॉइडचा गाभा असलेल्या लिनक्स कर्नलला सिरियल पोर्ट चांगला ओळखता येतो, पण कोणत्या ॲपने कशाला हात लावावा हे ठरवणारी एसईलिनक्सची सुरक्षा साध्या ॲपला तो उघडू देत नाही. पुष्कळ जण ही सुरक्षाच सैल करून मोकळे होतात, आणि ते मला मुळीच पटत नाही. त्या एका पोर्टपुरती आणि त्या एका ॲपपुरती परवानगी एसईलिनक्सच्या धोरणाच्या फाइलमध्ये लिहिण्यास वेळ लागतो, पण इंटरनेटला जोडलेल्या यंत्राला तेवढे संरक्षण हवेच. यासाठी बोर्डाच्या कर्नलचा सोर्सही हाताशी लागतो. कर्नल जीपीएल या सोर्स देणे बंधनकारक करणाऱ्या परवान्याखाली असल्याने खरेदीच्या वेळीच तो मागून घ्यावा.

ग्रामीण विदर्भात लाईन केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, आणि फोनला अचानक वीज तुटण्याची सवय नसते. त्यामुळे प्रत्येक वजन लगेच कायमस्वरूपी मेमरीत उतरवावे लागते. अपडेटसाठी अँड्रॉइड 7 मध्ये आलेली दोन प्रतींची पद्धत फार उपयोगी आहे: नवी आवृत्ती दुसऱ्या भागात लिहिली जाते आणि ती सुरू न झाल्यास यंत्र जुन्या आवृत्तीवर परत येते. पॅनेलमध्ये पंखा मात्र नको, कारण रुईचे तंतू त्यात अडकतात. उष्णता धातूच्या आवरणातूनच बाहेर काढावी.

साधारण 170 किलोची गाठ दाबणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसचे नियंत्रण अँड्रॉइडकडे कधीही देऊ नये. ठरलेल्या मिलिसेकंदात प्रतिसाद मिळेलच याची हमी ते देत नाही. प्रेस पीएलसीने (यंत्रे चालवण्यासाठीच्या खास औद्योगिक नियंत्रकाने) चालवावा, स्क्रीनने त्याची स्थिती दाखवावी, आणि आणीबाणीच्या लाल बटणाची वायर या दोघांवरही विसंबून न राहता थेट सुरक्षा रिलेला, म्हणजे धोक्याच्या वेळी यंत्राची वीज तोडणाऱ्या स्विचला, जोडावी.