ऑक्सिजन ९७, तरीही धोका

वॉर्डात दाखल असलेल्या रुग्णाचं हृदय 'अचानक' बंद पडलं असं आपण म्हणतो. पण आधीच्या काही तासांच्या नोंदी चाळल्या तर ते बऱ्याचदा अचानक नसतंच. बहुधा सर्वांत आधी बिघडतो तो श्वासाचा वेग, आणि नेमका तोच मोजायचा कंटाळा केला जातो. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन यंत्र दाखवतं. श्वास मोजायला मात्र मिनिटभर रुग्णापाशी उभं राहावं लागतं. मग तक्त्यावर एकापाठोपाठ एक सगळ्यांचे श्वास १८ नाहीतर २०!

मुरलेली परिचारिका मनगटावरची बोटं नाडी मोजून झाल्यावरही तशीच ठेवते आणि नजर छातीवर नेते. आपले श्वास मोजले जाताहेत हे कळलं की माणूस नकळत वेगळा श्वास घेतो, म्हणून ही युक्ती.

प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. रक्ताभिसरण मंदावलं की पेशींत आम्ल साचतं आणि मेंदू श्वास वाढवून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला लागतो. या काळात बोटावरचा ऑक्सिमीटर खुशाल ९७ दाखवू शकतो, कारण तो फक्त हिमोग्लोबिनवर किती ऑक्सिजन आहे ते सांगतो. त्यासाठी शरीराला किती धडपड करावी लागतेय, हे त्याला कळत नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या धोकासूचक गुणपद्धतीत श्वास २५ किंवा त्याहून जास्त, अथवा ८ किंवा त्याहून कमी असले की थेट ३ गुण पडतात. एका निकषाला याहून जास्त गुण नाहीत.

सर्वांत फसवा टप्पा पुढचा. मघाशी ३४ वर असलेला श्वास १४ वर येतो, तळमळ थांबते, रुग्णाचा डोळा लागतो. नातेवाइकांना हायसं वाटतं. पण हाक मारल्यावर तो नीट उत्तर देत नसेल तर हा आराम नव्हे. श्वासाचे स्नायू थकलेत आणि कार्बन डायऑक्साइडची गुंगी चढतेय. धाप लागलेल्याला टेकू देऊन बसतं करणं, ऑक्सिजन लावणं, डॉक्टरांना बोलावणं हे सगळं याच्या आधी व्हायला हवं. ऑक्सिजनही बेतानं द्यायचा: बहुतेकांना ९४ ते ९८ टक्के पातळी राखतात, तर सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या ज्या रुग्णांमध्ये कार्बन डायऑक्साइड साचण्याची भीती असते त्यांना ८८ ते ९२.

इतकं करूनही हृदय थांबलंच, तर पहिले हात बहुधा परिचारिकेचेच असतात. १९६० च्या दशकात हृदयरुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष निघाले, तेव्हा प्रशिक्षित परिचारिकांना डॉक्टरची वाट न पाहता शॉक द्यायची मुभा मिळू लागली. त्या कक्षांच्या यशात मॉनिटरइतकाच, माझ्या मते थोडा जास्तच, वाटा या निर्णयाचा आहे. छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायचा म्हणजे घाम काढणारं काम. दाब देणारा दर २ मिनिटांनी बदलतात. श्वासनलिकेत नळी घातल्यावर तिला जोडलेला, हवा भरणारा फुगा हाताने दाबून दर ६ सेकंदांना एकच श्वास. घाईघाईत तो जास्त वेळा दाबला जातो, छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं.

या गडबडीत एकीच्या हातात नुसतं पेन असतं. ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दर ३ ते ५ मिनिटांनी द्यायचं असतं, आणि खोलीतल्या बाकी कुणालाही वेळेचा अंदाज उरलेला नसतो.