माठाचा लाल, जास्वंदीचा लाल

गणपतीच्या दिवसांत दादरच्या बाजारातून जास्वंदीची फुले आणि लाल माठाची जुडी अनेकदा एकाच फेरीत घरी येतात. दोन्हींचा लाल रंग सख्ख्या भावंडांसारखा दिसत असला, तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे एकमेकांशी काहीही नाते नाही. याची खातरजमा स्वयंपाकघरातच करता येते. जास्वंदीच्या पाकळ्या भिजवलेल्या गरम पाण्यात लिंबू पिळले, तर ते लालभडक होते आणि खाण्याचा सोडा टाकला, तर हिरवट होते. माठाची पाने भिजवलेल्या गरम पाण्यात लिंबू पिळून पाहावे. भाताला गुलाबी करणारा तो रंग जवळपास तसाच राहतो.

जास्वंदीतले रंगद्रव्य अँथोसायनिन होय. जांभूळ, वांग्याची साल आणि आंब्याची तांबूस पालवी यांचा रंगही त्याचाच. ते फेनिलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लापासून बनते आणि त्याच्या रेणूत नायट्रोजन नसतो. माठातले बीटालेन मात्र टायरोसिन या वेगळ्या अमिनो आम्लापासून बनते व त्यात नायट्रोजन असतो. दोन्ही द्रव्ये पाण्यात विरघळतात, पेशींतील रिक्तिकांमध्ये, म्हणजे रसाच्या पिशव्यांमध्ये, साठतात आणि परागवाहकांना फुलांकडे ओढून आणतात. काम एकच, वाटा मात्र दोन.

वनस्पतींमध्ये बीटालेन केवळ कॅरिओफायलेल्स या एकाच गणात (नात्यातल्या वनस्पतिकुळांच्या गटात) आढळते. मुंबईच्या दुभाजकांवरची बोगनवेल (तिचा भडक भाग म्हणजे पाकळ्या नसून सहपत्रे, म्हणजे फुलालगतची रंगीत पाने; खरे फूल मधली नाजूक नळी), चाळीच्या गॅलरीतला ऑफिस टाइम, गुलबक्षी, बीट आणि निवडुंग हे सारे याच गणातले. याच गणातले कार्नेशन मात्र अँथोसायनिन बनवते. निसर्गात ही दोन्ही द्रव्ये एकाच वनस्पतीत एकत्र आढळलेली नाहीत, ही गोष्ट मला या सगळ्या कथेत सर्वांत विलक्षण वाटते.

ती एकत्र नांदूच शकत नाहीत, असेही नाही. एरवी अँथोसायनिन बनवणाऱ्या तंबाखूच्या रोपात जनुके घालून बीटालेन तयार करता आले आहे. बीटालेन बनवणाऱ्या एका जनुकाची या गणाच्या पूर्वजांमध्ये दुसरी प्रत तयार झाली आणि ती नव्या कामाला लागली, असे जनुकांच्या तुलनेतून दिसते. जुनी यंत्रणाही पूर्णपणे पुसली गेलेली नाही. याच गणातल्या पालकात अँथोसायनिनच्या वाटेवरची काही जनुके शाबूत आहेत. ती कार्यरत असतात मुख्यतः बियांमध्ये.